ढगांतील विमान आणि खोटी साक्ष

आषाढ लागला म्हणजे पांचगणीस दिवसचे दिवस सूर्याचें दर्शन होत नाहीं. कृष्णेच्या खोऱ्यांतून धुकें वर चढूं लागतें. तें प्रथम सिल्व्हर ओकच्या रांगा गिळतें, मग खेळाचें मैदान, मग समोरच्या वर्गाच्या खिडक्या. टेबललँडवर तर दहा पावलांवरचा सोबती केवळ आवाजावरून ओळखावा लागतो. अशा दिवशीं पठारावर जाऊं नये, आणि कड्याच्या बाजूस तर मुळींच फिरकूं नये, ही ताकीद येथील प्रत्येक मुलास पहिल्या पावसाळ्यांतच मिळते. तथापि धुक्यांत वाट चुकलेल्या माणसास एक सोय असते: त्यास आहे तेथें उभें राहतां येतें. धुकें निवळेपर्यंत तो एखाद्या दगडावर बसून राहिला तरी त्याचें कांहीं बिघडत नाहीं. ढगांत शिरलेल्या विमानास ही सोय नाहीं. त्यास पुढें जावेंच लागतें. आणि पुढें म्हणजे कोणीकडे, वर म्हणजे कोणीकडे, हें त्या वेळीं डोळे सांगत नाहींत, समोरच्या तबकड्या सांगतात. त्या तबकड्यांपैकीं एखादी खोटें बोलूं लागली तर काय करावें, हा या लेखाचा विषय आहे.

हा विषय शाळेच्या वार्षिकांत कशासाठीं, असें कोणी विचारील. कारण असें कीं, अलीकडे आमच्या वरच्या वर्गांतील मुलें, आणि हें सांगावयास आनंद वाटतो कीं मुलीही, वैमानिक होण्याची इच्छा बोलून दाखवूं लागल्या आहेत. बारामतीसारख्या जवळच्या ठिकाणीं विमान चालविण्याचें शिक्षण मिळतें हें सर्वांस ठाऊक झालें आहे. पालक मंडळी भेटावयास येतात तेव्हां खर्च किती, कर्ज मिळेल काय, पुढें पगार काय, असे प्रश्न विचारतात. त्यांत गैर कांहींच नाहीं. घरची शेती किंवा दागिना गहाण ठेवून मुलास शिकविणाऱ्या बापानें हिशेब विचारावयासच हवा. परंतु एक प्रश्न सहसा कोणी विचारीत नाहीं, आणि आमच्या मतें तोच पहिल्यानें विचारावयाचा आहे: ढगांत असतां समोरचें यंत्र बिघडलें तर काय करावयाचें, हें या मुलास कोण, किती तास, व कशा रीतीनें शिकविणार?

आमचें मत असें कीं, यंत्राच्या बिघाडानें जितका घात होतो त्याहून अधिक घात तो बिघाड वेळेवर न ओळखल्यानें, आणि ओळखल्यावरही तो स्पष्ट शब्दांत न सांगितल्यानें होतो. या दोन्ही गोष्टी शिकवितां येण्याजोग्या आहेत. त्या शिकविल्या जातात कीं नाहीं, हें पाहणें पालकांचें काम आहे.

प्रथम यंत्र हवेंच कशाला, तें पाहूं. आपणां सर्वांस असें वाटतें कीं, डोळे मिटले तरी आपण सरळ आहों कीं कललेले, हें शरीरास कळतें. जमिनीवर बव्हंशीं तें खरें आहे. कानाच्या आंतल्या भागांत तीन अर्धवर्तुळाकार नलिका आहेत, त्यांत द्रव असतो, आणि डोकें फिरलें कीं तो द्रव मागें राहून मेंदूस वर्दी देतो. परंतु एकाच गतीनें वळत राहिलें तर थोड्याच सेकंदांत तो द्रवही तितक्याच गतीनें फिरूं लागतो व वर्दी बंद पडते. माणूस वळतच असतो, पण त्यास वाटतें आपण सरळ चाललों. पुढें तो खरोखर सरळ झाला कीं त्यास वाटतें आपण उलट बाजूस वळलों. अंगणांत गरगर फिरून एकदम थांबणाऱ्या मुलास घरदार उलटें फिरतांना दिसतें, त्यांतलाच हा प्रकार होय. ढगांतील वैमानिकानें या भावनेवर भरंवसा ठेवला तर तो वळणांतून सुटण्याच्या नादानें अधिकच वळतो, विमानाचें नाक खालीं जातें, वेग वाढतो, आणि विमान गोल गोल फिरत जमिनीकडे उतरूं लागतें.

१९५४ सालीं अमेरिकेंतील इलिनॉय विद्यापीठांत याची परीक्षा घेण्यांत आली. यंत्रांवर उडण्याचें शिक्षण न मिळालेल्या २० वैमानिकांस बाहेरचें कांहीं दिसणार नाहीं अशा स्थितींत उडावयास लावलें. विसांपैकीं एकासही विमान ताब्यांत ठेवतां आलें नाहीं. ताबा सुटण्यास लागलेला सरासरी वेळ १७८ सेकंद, म्हणजे तीन मिनिटांस दोन सेकंद कमी. विमानांतच असें होतें असेंही नाहीं. जर्मनीतील ट्यूबिंगेन येथील संशोधकांनीं २००९ सालीं प्रसिद्ध केलें कीं, अनोळखी अरण्यांत सूर्य ढगाआड असतां सरळ चालूं पाहणारीं माणसें नकळत वर्तुळांत फिरतात, आणि डोळे बांधलेलीं माणसें तर कधीं कधीं अवघ्या वीस मीटर व्यासाच्या वर्तुळांत फिरूनही आपण सरळ चाललों असें समजतात. आमच्या गांवचे गुराखी धुक्यांत चकव्याच्या गोष्टी सांगतात, त्यांचें मूळ कदाचित् येथेंच असावें.

म्हणून यंत्रें आलीं. २४ सप्टेंबर १९२९ रोजीं अमेरिकन वैमानिक जेम्स डूलिटल यानें आपल्या बैठकीवर पडदा ओढून घेऊन, बाहेरचें कांहींही न पाहतां, केवळ तबकड्यांच्या आधारें विमान उडविलें, फिरविलें व उतरविलें. हाच अशा प्रकारचा पहिला पूर्ण प्रवास होय. आपल्याकडे त्याच वर्षीं जे. आर. डी. टाटा यांस वैमानिकाचा परवाना मिळाला, आणि १५ ऑक्टोबर १९३२ रोजीं ते कराचीहून अहमदाबादमार्गें मुंबईच्या जुहू मैदानावर टपाल घेऊन उतरले. त्या लहानशा पस मॉथ विमानांत बिनतारी यंत्र नव्हतें, वाट दाखविणारें साधन नव्हतें. खालचा किनारा व नद्या पाहूनच यावयाचें. जुहूचें मैदान पावसाळ्यांत पाण्याखालीं जाई, म्हणून चार महिने टपालाचा मुक्काम पुण्यास येरवड्याकडे हलवीत. त्या दिवसांत पुण्याहून ढगांनीं भरलेला सह्याद्री ओलांडणाऱ्यांचें धाडस किती, हें येथील पावसाळा पाहणारासच कळेल. पण धाडसावर कोणतीही टपालसेवा फार काळ चालत नाहीं. आज लहान विमानही यंत्रांच्या आधारें ढगांतून जातें, आणि म्हणूनच यंत्राच्या बिघाडाचा प्रश्न उभा राहतो.

लहान विमानांत, उदाहरणार्थ शिकाऊ वैमानिकांच्या हातीं पुष्कळदां दिल्या जाणाऱ्या सेसना १७२ जातीच्या जुन्या विमानांत, समोर सहा मुख्य तबकड्या असतात. तीन हवेच्या दाबावर चालतात: वेगमापक, उंचीमापक, आणि विमान चढतें कीं उतरतें हें दाखविणारी. उरलेल्या तिहींत एकेक भोवरा असतो. भोवरा जोरानें फिरत असतां आपला आंस सोडीत नाहीं, हें प्रत्येक मुलास ठाऊक आहे. त्याच गुणाचा येथें उपयोग केला आहे. एक ‘कृत्रिम क्षितिज’, त्यांत विमान कोणत्या बाजूस कललें तें दिसतें. दुसरी दिशा दाखविते. तिसरी वळणाची गति दाखविते. यांत एक शहाणपणाची योजना केलेली आहे. पहिले दोन भोवरे इंजिनास जोडलेल्या पंपानें ओढलेल्या हवेवर फिरतात, आणि तिसरा, म्हणजे वळणदर्शकाचा, विजेवर. पंप गेला तरी वीज राहते, वीज गेली तरी पंप राहतो. घरांत एकाच विहिरीवर न विसंबतां पावसाचेंही पाणी सांठविणाऱ्या गृहिणीची ही दृष्टि आहे.

आतां पंप बंद पडला असें समजा. आपणांस वाटेल, तबकडी एकदम मरेल व वैमानिकास कळेल. तसें होत नाहीं. भोवरा हळूहळू मंदावतो, आणि कृत्रिम क्षितिज नकळत एका बाजूस कलूं लागतें. विमान सरळच असतें, पण यंत्र सांगतें कीं कललें. आज्ञाधारक वैमानिक तें सरळ करावयास जातो, आणि सरळ असलेलें विमान वांकडें करतो. मेलेल्या यंत्रापेक्षां हें मरणारें यंत्र फार घातकी. बंद पडलेलें घड्याळ पाहून कोणी गाडी चुकवीत नाहीं. मागें पडत चाललेलें घड्याळ गाडी चुकवितें.

यावर उपाय एकच आहे, आणि तो न्यायालयांतील उपायासारखा आहे: एका साक्षीदारावर निकाल देऊं नये. कृत्रिम क्षितिज म्हणतें विमान डावीकडे कललें. बरें, मग वळणदर्शक काय म्हणतो? विमान खरोखर कललें असेल तर तें वळतही असलें पाहिजे. वळणदर्शक मध्यावर स्थिर असेल, होकायंत्रही जागचें हलत नसेल, तर दोन साक्षीदार एका बाजूस व एक दुसऱ्या बाजूस झाला. नाक खालीं गेलें असें एक तबकडी म्हणते. मग वेग वाढतो आहे काय, उंची घटते आहे काय? नसल्यास ती तबकडी खोटी. असें ठरलें कीं तिच्यावर झांकण घालावें. हें आम्ही अलंकारानें म्हणत नाहीं. काचेवर चिकटणारी रबरी झांकणें याच कामासाठीं मिळतात, आणि नसल्यास कागदाचा तुकडाही चालतो. खोटी ठरलेली तबकडी डोळ्यांपुढें राहिली तर संवयीनें दृष्टि पुन्हां पुन्हां तिच्याकडेच जाते, व हात तिचें ऐकूं लागतात.

पुढचें काम उरलेल्या साधनांवर. वळणदर्शक मध्यावर ठेवला कीं पंख सरळ राहतात. वेग व उंची यांवरून नाकाची स्थिति कळते. दिशा बदलावयाची तर घड्याळ हातीं घ्यावें. ठराविक वळणांत विमान सेकंदास ३ अंश फिरतें. म्हणजे काटकोनास ३० सेकंद, आणि पुऱ्या फेऱ्यास २ मिनिटें. होकायंत्र शेवटचा आधार खरा, पण तेंही वळतांना मागें किंवा पुढें पडतें, व वेग कमीजास्त होतांना हेलकावतें. म्हणून विमान सरळ व एकसारख्या वेगानें जात असेल तेव्हांच तें वाचावयाचें. गणिताच्या तासास ‘या कोनांचा पुढें उपयोग काय’ असें विचारणाऱ्या विद्यार्थ्यांनीं येथें थोडें थांबावें.

आतां आपल्या मुंबईच्या किनाऱ्यावर घडलेली गोष्ट सांगतों. ती लहान विमानाची नसून फार मोठ्या विमानाची आहे. पण बिघाड तोच होता.

१ जानेवारी १९७८ च्या रात्रीं आठ वाजून गेल्यावर एअर इंडियाचें ‘एंपरर अशोक’ नांवाचें बोइंग ७४७ विमान सांताक्रूझहून दुबईस जाण्यास निघालें. आंत १९० उतारू व २३ कर्मचारी होते. किनारा ओलांडतांच विमानानें ठरल्याप्रमाणें उजवीकडे वळण घेतलें, आणि मग तें पुन्हां सरळ झालें. खालीं अरबी समुद्र. ज्यावरून क्षितिज ओळखावें असा एकही दिवा समोर नाहीं. विमान सरळ झालें, परंतु मुख्य वैमानिकासमोरचें कृत्रिम क्षितिज उजवीकडे कललेलेंच राहिलें असावें, असें चौकशींत दिसून आलें. तो कल काढण्यासाठीं विमान डावीकडे झुकविलें गेलें. यंत्र हलेना, म्हणून आणखी झुकविलें गेलें. शेवटीं विमान काटकोनाच्याही पलीकडे डावीकडे कललें आणि नाक खालीं करून वांद्र्यापासून सुमारें ३ किलोमीटरवर समुद्रांत पडलें. धांवपट्टी सोडल्यापासून अवघे १०१ सेकंद झाले होते. २१३ पैकीं एकही माणूस वांचलें नाहीं. प्रथम घातपाताचा संशय होता. चौकशीनें तो मान्य केला नाहीं.

या विमानांत कृत्रिम क्षितिजें तीन होतीं. एक मुख्य वैमानिकापुढें, एक साहाय्यक वैमानिकापुढें, आणि तिसरें दोघांमध्यें, पहिलीं दोन बिघडल्यास पाहावें म्हणून ठेवलेलें. बिघडलें होतें एकच. म्हणजे तिहींतले दोन साक्षीदार शेवटपर्यंत खरें बोलत होते. पाण्यांतून काढलेल्या ध्वनिमुद्रणावरून असें कळतें कीं, आपलें यंत्र चुकत असल्याचें मुख्य वैमानिकाच्या तोंडून निघालें. तों साहाय्यकानेंही आपलें यंत्र कलल्याचें सांगितलें. त्याचें यंत्र खरोखरच्या कलाप्रमाणें कललें होतें, पण त्या उत्तराचा अर्थ असा होऊं शकला कीं दोन्ही बिघडलीं. फ्लाइट इंजिनियरनें बिघडलेल्या यंत्रावर जाऊं नये असें सांगण्याचा प्रयत्न केला. तोंपर्यंत सेकंद संपले होते. तिघांपैकीं कोणीही आळशी वा अडाणी नव्हता. मुख्य वैमानिक अनेक वर्षांचा अनुभवी होता. म्हणून या प्रसंगावरून कोणास दोष देण्यापेक्षां आम्हांस एवढेंच म्हणावयाचें आहे कीं, तिन्ही तबकड्यांची तुलना हातास व जिभेस इतकी पाठ व्हावयास हवी कीं ती विचार न करितां घडावी; कारण विचारास वेळच मिळत नाहीं. आणि मोठ्या विमानांत दुसऱ्याचे डोळे तरी असतात. लहान विमानांतील एकट्या वैमानिकास दुसरा व तिसरा साक्षीदार म्हणजे त्याचा वळणदर्शक, वेगमापक व घड्याळ, इतकेच.

दुसरी गोष्ट याहून बारा वर्षांपूर्वीची, आणि तिचा धडा वेगळा आहे. तेथें विमान सरळ कसें ठेवावें हा प्रश्न नव्हता. आपण कोठें आहों हा होता.

२४ जानेवारी १९६६ रोजीं मुंबईहून दिल्ली व बैरुतमार्गें जिनिव्हाकडे चाललेलें एअर इंडियाचें ‘कांचनजंघा’ हें बोइंग ७०७ विमान युरोपांतील मोंट ब्लांक शिखराजवळ डोंगरावर आदळलें. आंतील ११७ ही माणसें मृत्यु पावलीं, त्यांत डॉ. होमी भाभा होते. व्हिएन्ना येथील आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेच्या बैठकीस ते निघाले होते. डॉ. भाभांच्या मृत्यूविषयीं आजवर नाना तर्क करण्यांत आले आहेत, व मुलांच्या तोंडीं ते फार असतात. चौकशीचा निष्कर्ष मात्र साधा आहे, आणि तो साधा असल्यामुळेंच लक्षांत ठेवण्याजोगा आहे.

जमिनीवरील रेडिओकेंद्रापासून विमान कोणत्या दिशेस आहे हें सांगणारें व्ही. ओ. आर. नांवाचें यंत्र विमानांत दोन असतात. एकावर एक केंद्र लावावें, दुसऱ्यावर दुसरें. दोन रेषा नकाशावर ओढाव्या. जेथें त्या छेदतात तेथें आपण. ‘कांचनजंघा’वरील या दोहोंपैकीं एक बैरुत सोडतांनाच चालत नव्हतें, व हें मुख्य वैमानिकास ठाऊक होतें. मोंट ब्लांकच्या संबंधानें आपली जागा ठरवितांना त्यांचा हिशेब चुकला. आपण शिखराच्या बाजूस आलों असें त्यांनीं जिनिव्हाच्या नियंत्रकास कळविलें. नियंत्रकानें आपल्या रडारवर पाहिलें, चूक ओळखली, आणि शिखर अजून ५ मैल पुढें आहे अशा अर्थाचें सांगितलें. परंतु तें अशा मोघम शब्दांत सांगितलें गेलें कीं वैमानिकाच्या ध्यानीं त्याचा उलट अर्थ आला. शिखर मागें पडलें अशा समजुतीनें विमान उतरत राहिलें. पुरेशा निश्चित शब्दयोजनेच्या अभावीं दुरुस्ती समजली नाहीं, असें चौकशीनें नमूद केलें आहे. चूक ओळखणारा माणूस होता, ती सांगण्याचें साधन होतें, ऐकणाराही होता. मधला शब्द नीट नव्हता.

मराठीचा तास हा विज्ञानाच्या विद्यार्थ्यांस फुकटचा वाटतो, त्यांच्यासाठीं ही गोष्ट आम्ही मुद्दाम विस्तारानें सांगितली.

मार्गदर्शक यंत्र बिघडल्यावर नियंत्रकास काय सांगावें, याचा अमेरिकेंतील विमाननियमांत एक नेमका पाठच आहे. ढगांतून जाणाऱ्या वैमानिकानें असा बिघाड होतांच शक्य तितक्या लवकर कळवावें, आणि चार गोष्टी सांगाव्या: विमानाची ओळख, कोणतें यंत्र बिघडलें, त्यामुळें यंत्रांवर उडण्याची आपली शक्ति किती कमी झाली, आणि आपणांस कोणती व किती मदत हवी. आमच्या मतें यांतील तिसरें व चौथें कलम सर्वांत मोलाचें आहे. ‘माझें दिशादर्शक गेलें’ एवढेंच ऐकून नियंत्रक नोंद करून ठेवील. ‘माझें दिशादर्शक गेलें, मला दिलेल्या अंशावर अचूक वळतां येणार नाहीं, मला वळण्याची व थांबण्याची सूचना द्या’ असें ऐकल्यावर तो रडारवर त्या विमानाकडे पाहत राहील, ‘आतां वळा’ म्हणेल, आणि दिशा नीट झाली कीं ‘आतां थांबा’ म्हणेल. वैमानिकास कांटा पाहावा लागत नाहीं. नियंत्रक त्याचा कांटा होतो. ही पद्धत पूर्वींपासून ठरलेली आहे, व तिच्यामुळें विमानें सुखरूप उतरवितां येतात. पण मागितल्यावांचून ती मिळत नाहीं.

अर्थात् बोलण्याच्या घाईंत विमान सोडूं नये. प्रथम विमान सरळ ठेवणें, मग वाट पाहणें, मग बोलणें, हा क्रम सर्व शिक्षक सांगतात व तो योग्यच आहे. आमचें म्हणणें इतकेंच कीं तिसरी पायरी ही क्रमानें तिसरी आहे, गाळण्याजोगी नाहीं.

येथें एक शंका घेतली जाईल. कोणी म्हणेल, हे जुने भोवरे व पंप आतां किती राहिले? नव्या लहान विमानांत दोन मोठे पडदे असतात, उपग्रहांवरून जागा कळते, मग घड्याळ लावून वळणें शिकण्यांत मुलांचे पैशाचे तास कशाला दवडावयाचे? ही शंका पोकळ नाहीं. नवीं यंत्रें खरोखर अधिक भरंवशाचीं आहेत. कित्येकदां तीं स्वतःच आपला बिघाड ओळखून पडद्यावर तांबडी फुली दाखवितात, आणि भोवऱ्याप्रमाणें हळूहळू खोटें बोलत नाहींत. परंतु पडदा गेला कीं त्यावरील सगळींच माहिती एकदम जाते, आणि बाजूस ठेवलेल्या दोनतीन लहान साधनांवर काम भागवावें लागतें. तीं वाचण्याची संवय नसेल तर तीं असून नसल्यासारखीं.

शिवाय उपग्रहांची साक्षही खोटी पाडतां येते. त्यांचा संदेश पृथ्वीवर येतो तो इतका क्षीण असतो कीं, जमिनीवरून कोणी तसाच बनावट व अधिक जोराचा संदेश सोडला तर विमानांतील यंत्र त्यावर विश्वास ठेवतें व विमान भलतीकडेच असल्याचें दाखवितें. नोव्हेंबर २०२३ ते फेब्रुवारी २०२५ या काळांत आपल्या सरहद्दीच्या भागांत, मुख्यतः अमृतसर व जम्मूकडे, अशा ढवळाढवळीच्या ४६५ घटना नोंदल्या गेल्याचें सरकारनें संसदेंत सांगितलें आहे. अशा वेळीं जमिनीवरील जुनें रेडिओकेंद्र, होकायंत्र, घड्याळ आणि नियंत्रकाचें रडार हींच खोटेपणा उघडकीस आणतात. यंत्र नवें आलें म्हणून साक्षीदार कमी करावे असें होत नाहीं.

तेव्हां पालकांनीं काय विचारावें? व्यावसायिक वैमानिकाच्या परवान्यासाठीं आपल्या देशांत २०० तासांचें उड्डाण लागतें, आणि यंत्रांवर उडण्याच्या परवान्यास ४० तासांचा यंत्रांवरील अनुभव लागतो. त्यांतील कांहीं भाग जमिनीवरील कृत्रिम विमानांत पुरा करतां येतो. हे आंकडे प्रत्येक संस्था सांगेल. त्यापुढें जाऊन असें विचारावें: या तासांपैकीं किती तास शिक्षक एकदोन तबकड्या झांकून शिकवितो? झांकण्यापूर्वीं विद्यार्थ्यास सांगतो, कीं न सांगतां झांकतो? कृत्रिम विमानांत पंप हळूहळू बंद पाडून, बिघाड ओळखण्यास विद्यार्थ्यास किती वेळ लागला हें टिपून ठेवतात काय? नियंत्रकास सांगावयाचें वाक्य त्याच्याकडून मोठ्यानें म्हणवून घेतात काय? चांगल्या शिक्षकास या प्रश्नांचा राग येणार नाहीं. उलट कोणी तरी विचारलें म्हणून त्यास समाधानच वाटेल. जो केवळ तास भरून देण्याची हमी देतो, त्याच्याकडे मूल पाठविण्याआधीं आम्ही तरी दुसरीकडे चौकशी करूं.

आणि एक गोष्ट घरची. ज्या घरांत पेला फुटल्याचें सांगणाऱ्या मुलास मार बसतो व लपविणाऱ्याचें निभावतें, तेथलें मूल पुढें हजार मीटरवर ढगांत असतां ‘माझें यंत्र गेलें, मला मदत हवी’ हें वाक्य चटकन् उच्चारील अशी अपेक्षा कशी करावी? आपली फजिती होईल, परीक्षक नांवें ठेवील, पुढें नोकरीस अडथळा येईल, या भीतीनें वाक्य ओठांवर अडतें. आणि वर सांगितलेच आहे कीं सेकंद मोजके असतात. बिघाड कळविणाऱ्या शिकाऊ वैमानिकास शाबासकी देणारी संस्था ही आमच्या मतें नवीं विमानें असलेल्या संस्थेहून अधिक चांगली.

शाळेंतच एक लहानसा आरंभ करतां येईल, व तो येत्या डिसेंबरांत, हवा स्वच्छ असतां, करावा अशी आमची विज्ञानशिक्षकांस सूचना आहे. नववीच्या मुलामुलींच्या जोड्या कराव्या. एकाचे डोळे रुमालानें बांधून त्यास मैदानाच्या एका टोंकास उभें करावें व समोरच्या खांबाकडे शंभर पावलें सरळ चालावयास सांगावें. जोडीदारानें मागोमाग चुन्याची फक्की टाकीत जावें, म्हणजे वाट उमटेल. नंतर दुसऱ्या खेपेस जोडीदारानें फक्त ‘डावीकडे’, ‘उजवीकडे’, ‘थांब’ एवढेच शब्द बोलावे, आणि दोन्ही रेषा मोजून वहींत काढाव्या. हें टेबललँडवर करूं नये, मैदानावरच करावें. फक्की खेळाच्या खोलींत आहे. रुमाल मुलांनीं घरून आणावे.